बोटीवरची जागल

आधीच सांगते, मी वाशीची, पण ती नव्या मुंबईतली वाशी नव्हे, धाराशिव जिल्ह्यातली. आमच्याकडे समुद्र सोडाच, उन्हाळ्यात बोअरचं पाणी टिकलं तरी आम्ही देवापुढे नारळ फोडतो. अशा गावातल्या म्हातारीने समुद्रात बुड्या मारायच्या सहलीवर लिहावं, म्हणजे जरा अतीच! पण माझी नात गेल्या हिवाळ्यात मालदीवला सहा रात्री बोटीवर राहून आली. दिवसाला तीन-तीन बुड्या, जेवण-झोप सगळं बोटीवरच. याला 'लिव्हअबोर्ड' म्हणतात म्हणे. स्कूबा ती तारकर्लीला, आपल्या पर्यटन महामंडळाच्या संस्थेत शिकली.

जायच्या आधी ती चार दिवस इकडे आली होती. सामानाची यादी चाळीस वस्तूंची! मी म्हटलं, अगं, दिंडीत माणसं एका पडशीवर पंढरपूर गाठतात. तर हसून म्हणाली, "आजी, तुझं बरोबरच आहे." बोटीवरची खोली आपल्या देवघराएवढी. चाकांची कडक बॅग ठेवायला जागाच नसते. कापडी बॅग घडी करून पलंगाखाली सरकवता येते. चपला तर पहिल्याच दिवशी काढून ठेवायच्या, सगळे अनवाणी. मग आम्ही दोघींनी बसून यादी निम्मी केली. पोहण्याचे कपडे दोन जोड, म्हणजे एक वाळत राहतो. एक जाड जाकीट आणि कानटोपी ठेवली, कारण पाणी कोमट असलं तरी तासभरात अंगातली ऊब ओढून घेतं आणि वर आल्यावर वारा झोंबतो. चष्म्याची जादा जोडी, बॅटरी, आलेपाक. आणि बोट लागते त्यावरची गोळी, डॉक्टरांना विचारून. ही गोळी उलटी व्हायला लागल्यावर नाही, आधी घ्यायची. एसटीने घाट उतरलेल्यांना हे सांगायला नको. पण तिने झोपही येते, तेव्हा बुडीच्या दिवशी काय घ्यायचं ते नीट विचारून घ्यावं.

इथवर सगळं ठीक. माझं म्हणणं वेगळंच आहे. या याद्यांमध्ये सुखाच्या वस्तू सगळ्या असतात, जिवाच्या दोन गोष्टी मात्र नसतात.

पहिली गोष्ट कानाची. आमच्या लहानपणी घागर विहिरीत पडली की गळ टाकून काढायची, नाहीतर कुणीतरी बुडी मारायची. माझ्या थोरल्या भावाने पैजेखातर, नाक चोंदलेलं असताना, चार परस पाण्यात बुडी मारली. घागर आली, पण कान फुटला तो कायमचा. समुद्रात दर 10 मीटरला वातावरणाएवढा एक दाब वाढतो. सर्दी असेल तर कानात आतून हवा पोचत नाही आणि पडद्यावर सगळा भार येतो. माणसं हे जाणूनही लपवतात, कारण पैसे भरलेले असतात. नातीला चौथ्या दिवशी सर्दी झाली. ती दोन बुड्या सोडून वर बसली, सोबतच्यांनी चेष्टा केली. तिने पाण्याखाली काय काय पाहिलं ते सगळं सांगितलं. मला मात्र त्या दोन न मारलेल्या बुड्यांचंच कौतुक वाटलं.

दुसरी गोष्ट आगीची. 2 सप्टेंबर 2019 ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'कन्सेप्शन' नावाची अशीच बोट पहाटे पेटली. खालच्या मजल्यावर झोपलेली 34 माणसं गेली. त्यात महाराष्ट्राशी नातं असलेलं एक तरुण जोडपंही होतं. खालून वर यायच्या दोन वाटा होत्या, पण दोन्ही त्याच पेटलेल्या दालनात निघत होत्या. आग कशाने लागली ते ठामपणे ठरलं नाही, मात्र त्या दालनात बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या असत. आणि रात्री फिरून पहारा करायचा नियम असताना कुणीच जागं नव्हतं. कप्तानाला 2024 मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली.

आमच्याकडे ज्वारी हुरड्यात आली की शेतात जागलीला माणूस जातो. कणसांसाठी माणूस जागतो, मग झोपलेल्या माणसांसाठी नको? नातीला मी एवढंच सांगितलं होतं, "पलंग कसा आहे ते नंतर बघ. आधी बाहेर पडायच्या वाटा बघ, त्या दोन वेगळ्या ठिकाणी निघतात का ते बघ आणि रात्री जागं कोण असतं ते विचार." तिने विचारलं तर तिथला माणूस हसला. दुसऱ्या रात्री दोन वाजता ती पाणी प्यायला वर गेली, तर पहारेकरी खुर्चीत घोरत होता आणि शेजारी दहा-बारा बॅटऱ्या चार्जिंगला! सकाळी तिने सगळ्यांदेखत कप्तानाला सांगितलं. काहींना ते आवडलं नाही, सहलीचा रंग बिघडला म्हणे. पण त्या रात्रीपासून चार्जिंग फक्त दिवसा.

अजून एक राहिलंच. शेवटच्या बुडीनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नाही. रक्तात मुरलेला वायू, सोड्याची बाटली उघडल्यासारखा, वर गेल्यावर बुडबुडे धरतो. खोल बुड्या मारून मालवणहून लगेच घाट चढणाऱ्यांनीही हा हिशेब धरावा. नातीने म्हणून शेवटचा दिवस मालेमध्ये नुसता फिरण्यात घालवला आणि मला तिथून टोपी आणली. ती घालून मी आता अंगणात बसते. शेजारच्या बाई विचारतात, गुरुजीबाई, कुठल्या गावची?