विमानभाड्यावरची वटणावळ

परदेशी विमान कंपनीला क्रेडिट कार्डाने पैसे चुकते करणाऱ्या भारतीय प्रवाशाच्या खिशाला जी कात्री लागते, तिचा बोभाटा फारसा होत नाही. भाडे वाढले की ओरड होते, इंधनाचा अधिभार वाढला की निवेदने निघतात. परंतु जादा सामानाचे शुल्क देताना, जागा राखून ठेवताना किंवा प्रवासाची तारीख बदलताना चलनाच्या अदलाबदलीच्या नावाखाली जी रक्कम कापली जाते, ती महिनाअखेरीस बँकेच्या हिशेबात दोन-तीन ओळींत विखुरलेली असते. रक्कम लहान, प्रवासाची दगदग मोठी. तेव्हा माणूस चुकचुकतो आणि पैसे भरून मोकळा होतो. या गुपचूप बसण्यावरच हा सारा व्यवहार उभा आहे.

परदेशगमन म्हटले की आम्हा गोमंतकीयांच्या डोळ्यांपुढे साष्टीतले तारवटी, कुवेतमधले नोकरदार नाही तर इंग्लंडातील स्विंडनला स्थायिक झालेली कुटुंबे येतात. परंतु हा प्रश्न किनाऱ्यापुरता राहिलेला नाही, हे दाखविण्यासाठी आम्ही मुद्दाम भोपाळच्या गोविंदपुऱ्याचे उदाहरण घेत आहोत. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना स्थापन करण्याचे ठरले आणि गोविंदपुरा, पिपलानी, बरखेडा या भागांत कामगारांची व अभियंत्यांची वसाहत वसली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्या पिढीने यंत्रे घडविली. पुढच्या पिढीतील अनेकांनी अमेरिकेची वाट धरली. अशा घरातील निवृत्त आई-वडील मुलाकडे चार महिन्यांसाठी जातात, नातवंडाच्या ओढीने मुक्काम महिनाभर वाढवितात आणि परतीच्या तिकिटाची तारीख बदलण्यासाठी भोपाळच्या बँकेचे कार्ड पुढे करतात. खरी मेख येथे आहे.

कार्डाच्या पहिल्या काही आकड्यांवरून ते कोणत्या देशातील कोणत्या बँकेचे आहे, हे समोरच्या यंत्रणेला तत्काळ कळते. लगेच विचारणा होते: रक्कम डॉलरमध्ये भरणार की रुपयांत? पुष्कळदा विचारणाही होत नाही. रुपयाचा पर्याय आधीच निवडून ठेवलेला असतो आणि तो बदलायचा कसा, हे शोधूनही सापडत नाही. आपल्या देशाचे नाणे पाहून माणसाला हायसे वाटते. हिशेब समजतो, उद्या रुपया घसरला तरी भीती नाही, असा त्याचा समज होतो. वस्तुतः त्या रुपयाचा दर विमान कंपनी आणि तिच्या वतीने पैसे घेणारी बँक किंवा मध्यस्थ संस्था यांनी ठरविलेला असतो. बाजारभावाहून तो चढा असतो आणि वरचा मलिदा ही मंडळी आपसांत वाटून घेतात. ज्याच्या सोयीसाठी म्हणून हे चालते, त्याला दर ठरविताना कोणी विचारीत नाही.

आकड्यांत पाहू. तारीख बदलण्याचे शुल्क १०० डॉलर आहे आणि हिशेबापुरता डॉलरचा दर ८५ रुपये आहे, असे समजा. म्हणजे मूळ रक्कम ८,५०० रुपये. प्रवाशाने डॉलरमध्ये पैसे भरले, तर त्याची बँक साधारणतः २ ते ३.५ टक्के अधिभार लावते. साडेतीन टक्के धरले तर २९७ रुपये ५० पैसे, आणि या अधिभारावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी ५३ रुपये ५५ पैसे. एकूण ८,८५१ रुपये. आता त्याने रुपयांत पैसे भरले आणि समोरच्याने दर पाच टक्के चढा लावला असे धरा. रक्कम झाली ८,९२५ रुपये. येथे संपले म्हणावे, तर तसेही नाही. व्यापारी परदेशात नोंदलेला आहे या कारणाने अनेक भारतीय बँका रुपयांतील व्यवहारावरही एक टक्का किंवा त्याहून अधिक आकार घेतात आणि त्यावर पुन्हा कर. एक टक्क्यानेच हिशेब केला तरी बेरीज ९,०३० रुपयांवर जाते. चलन बदलले एकदाच, दाम मात्र दोनदा. नवरा-बायको दोघांची तिकिटे असतील तर हजार रुपयांहून अधिक रक्कम अशीच गेली. आणि तिकीट रद्द केले तर? परतावा त्या दिवसाच्या दराने येतो; आधी घेतलेला अधिभार सहसा परत मिळत नाही. जाताना वटणावळ आणि येताना घट, असा हा दुहेरी न्याय आहे.

चलन बदलून देण्याबद्दल मोबदला घेणे हा गुन्हा आहे, असे आमचे म्हणणे नाही. वटणावळ आणि हुंडणावळ हे शब्द आपल्या भाषेत काही काल-परवा आलेले नाहीत. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना टाकसाळींचे रुपये चालत आणि सराफ त्यांवर बट्टा घेई. परंतु तो तोंडावर सांगून घेई. गिऱ्हाइकाला पटले नाही तर दुसरी पेढी शेजारीच असे. आमच्या गोमंतकात १९५८ साली रुपिया जाऊन एस्कुदो आला, तेव्हा एका रुपियाला सहा एस्कुदो हे प्रमाण तरी जाहीर होते. परकी सत्ता लोकांना विचारून काही करीत नव्हती, पण हिशेबाचा आकडा तिने लपविला नाही! आणि विनिमयाचा दर हा केवळ पेढीवरचा प्रश्न नसतो, हेही या देशाने अनुभवलेले आहे. १९२७ साली रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा बांधण्यात आला, त्याविरुद्ध सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी एक शिलिंग चार पेन्सांचा आग्रह धरला होता. त्या दोन पेन्सांवरून देशभर वादळ उठले, कारण दोन पेन्सांचा भार अखेर कोणाच्या माथी बसणार, हे त्या पिढीला नेमके ठाऊक होते.

अन्य देशांनी या बाबतीत निदान हातपाय हलविले आहेत. अमेरिकेत व्हिसा, मास्टरकार्ड आणि काही मोठ्या बँकांवर चलनबदलाच्या आकारणीवरून सामुदायिक दावा झाला आणि २००६ साली ३३ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड झाली. युरोपीय संघाने २०१९ साली नियम केला आणि एप्रिल २०२० पासून तो अमलात आला: दुकानात किंवा एटीएमवर ग्राहकाच्या चलनात पैसे घ्यायचे असतील, तर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराहून आपला दर किती टक्के चढा आहे, हे पैसे घेण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे. ऑस्ट्रेलियातील प्रकरण जरा गमतीचे आहे. तेथे या व्यापाऱ्यांकरवी होणाऱ्या चलनबदलाचा विस्तार रोखल्याबद्दल २०१५ साली न्यायालयाने व्हिसालाच १ कोटी ८० लाख डॉलरचा दंड केला. ग्राहकाच्या खिशात हात कोणी घालायचा, यावरही स्पर्धा असते, एवढाच बोध आम्ही त्यातून घेतला.

आपल्याकडे कायदे नाहीत, असे मुळीच नाही. देशात पुरविल्या जाणाऱ्या सेवेचे पैसे भारतीय कार्डाने दूरस्थपणे भरले जात असतील, तर ते भारतातील बँकेमार्फतच स्वीकारले पाहिजेत आणि व्यवहार रुपयांतच पुरा झाला पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने २२ ऑगस्ट २०१४ रोजी बजावले होते. दिल्लीहून निघणाऱ्या प्रवासाचे तिकीट सामान्यतः रुपयांत विकले जाते. मग त्याच तिकिटावरील पुढचे शुल्क परदेशी मार्गाने का जावे? प्रवासाचा मोठा भाग देशाबाहेर होतो ही पळवाट दाखविली जाईल. ती बुजविणे रिझर्व्ह बँकेला अशक्य नाही. ग्राहकाला फसवून पर्याय निवडायला लावण्याच्या क्लृप्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि किमतीचा काही भाग अखेरीस उघड करण्याची रीतही त्यांत आक्षेपार्ह ठरविली. आधीच निवडून ठेवलेला महागडा रुपया त्या तत्त्वांत बसत नसेल, तर मग काय बसते?

सरकारची नजर या कार्डांवर नाही, असेही कोणी म्हणू नये. २०२३ च्या मे महिन्यात परदेशातील क्रेडिट कार्डाचा खर्च उगमापाशी करवसुलीच्या कक्षेत आणण्याची अधिसूचना किती तत्परतेने निघाली होती! ओरड झाल्यावर जूनअखेर ती पुढे ढकलावी लागली. तीच तत्परता येथे दाखवावी. कार्डाला एकूण किती रुपये लागणार आणि त्यांत वटणावळ किती, हे पैसे भरण्याआधी एकाच ओळीत दाखविण्याची सक्ती करावी. रुपयांत झालेल्या व्यवहारावर बँकेने पुन्हा आकार घेणे बंद करावे. तिकीट रद्द झाल्यास अधिभारही परत करावा. आणि हे करताना आमच्या कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावरील हॉटेलांकडेही पाहावे. ब्रिटिश पर्यटकाच्या कार्डावर पौंडात बिल लावून त्यातला हिस्सा घेणारे आपल्यातही आहेत. परक्याकडून न्याय मागताना आपले माप खोटे असून चालणार नाही.

तोवर प्रवाशाने काय करावे? पर्याय विचारला गेला, तर ज्या चलनात शुल्क मूळचे आहे तेच निवडावे. न विचारता कापले गेले, तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर एकात्मिक योजनेखाली रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो तेथेच दाद मागण्याची मुभा दिली आहे. कंपनीचे मुख्य कार्यालय सातासमुद्रापार असले, तरी गोविंदपुऱ्यातील प्रवासी भोपाळच्या जिल्हा आयोगात आणि मडगावचा प्रवासी दक्षिण गोव्याच्या जिल्हा आयोगात अर्ज करू शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. मात्र पैसे भरताना पडद्यावर दिसलेल्या पानाचे चित्र, बँकेचा त्या महिन्याचा हिशेब आणि त्या दिवशीचा बाजारातील दर, हे तीन पुरावे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावे लागतील.