पिल्लं पोत्यात, प्रश्न जागेवर

सोसायटीच्या जिन्याखाली मांजर व्यायली की आठवडाभर मुलांची मजा असते. मग वास आणि रात्रीचं ओरडणं सुरू होतं आणि कोणीतरी पिल्लं पोत्यात भरून मंडईजवळ किंवा सरकारी रुग्णालयाच्या आवारात सोडून येतं. 'उष्टंखरकटं खाऊन जगतील' अशी मनाची समजूत घालायची. प्रत्यक्षात दुधावरची पिल्लं आईवाचून फारशी जगत नाहीत. जगतात ती तिथेच वाढतात आणि तिथेच वितात. प्राण्याला उपाशी मरायला असं टाकून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे.

इकडे आई जिन्याखालीच असते. मांजर चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. गर्भकाळ सुमारे नऊ आठवडे, एका वेताला बहुधा तीन ते पाच पिल्लं. पिल्लं हलवली की ती लवकर पुन्हा माजावर येते. म्हणजे पिल्लं टाकणं ही पुढच्या वेताचीच तयारी!

उपाय आहे तो नसबंदीचा. पिल्लं दोन महिन्यांची होऊन खाऊ लागली की त्यांना घरं शोधावीत, आईची शस्त्रक्रिया करून तिला जुन्या जागी सोडावं. बोक्यांचीही करावी; मारामाऱ्या आणि ओरडणं कमी होतं. गणपतीची वर्गणी काढणाऱ्या सोसायटीला हा खर्च जड नाही. सगळी मांजरं हाकलली तरी कचरा उघडा असेल तर नवी येतातच.

आता डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. मांजर चावलं किंवा ओरखडलं तर हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात या. रेबीज मांजरापासूनही होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य असतं. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागतं. मुलं ओरखडे लपवतात. त्यांना रागावू नका, विचारा.

दुसरी गोष्ट, घरात सून गरोदर राहिली की पाळलेली मांजर बाहेर काढली जाते. भीती टोक्सोप्लाझ्माची असते आणि ती अगदीच खोटी नाही. पण हा जंतू कच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून आणि मातीतूनही येतो. मांजरीच्या ताज्या विष्ठेतला जंतू संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. त्यामुळे घाण रोज, घरातल्या दुसऱ्या कोणी काढावी, गरोदर बाईने हात स्वच्छ धुवावेत, मांस पूर्ण शिजवावं. एवढं पाळलं तर मांजरीला घराबाहेर काढायची गरज नाही.

सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगनंतर पाच मिनिटं या विषयाला द्या. पोतं शोधण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.