एआयला ब्राउझर द्या, पण आपला नको



"बाई, हे म्हणतंय दुरुस्त झालं, पण बटण दाबलंच जात नाहीये!"

गेल्या सत्रात आमच्या संगणक कक्षात हे वाक्य मी रोज ऐकत होते. नववीच्या मुलांनी शाळेच्या वाचनालयासाठी एक छोटं पान बनवायला घेतलं होतं. पुस्तकाचं नाव लिहायचं, हजेरी क्रमांक टाकायचा आणि खाली 'नोंदवा' हे बटण दाबायचं, एवढंच. कोड लिहायला एआय सहायकाची मदत घेतली होती. संगणकावर पान छान चालायचं. मोबाईलवर मात्र बटण मुकं! कितीही दाबा, काही होत नाही.

त्या एका बटणामुळे मला जे शिकायला मिळालं, ते तुमच्यापुढे मांडते. तुमच्यापैकी अनेकांच्या शाळेत आणि घरीही मुलं आता असे सहायक वापरू लागली आहेत, म्हणून हे लिहिणं गरजेचं वाटलं.

आंधळी कोशिंबीर

मुलं सहायकाला सांगायची, "बटण चालत नाही." तो कोड बदलायचा आणि ठामपणे म्हणायचा, "आता चालेल." मुलं मोबाईलवर बघायची, बटण तसंच. पुन्हा तक्रार, पुन्हा बदल. असं चार वेळा झालं. चौथ्या फेरीत तर आधी चालणारा तारखेचा रकानाही बिघडला.

यात सहायकाचा मूर्खपणा नव्हता. त्याला पान दिसतच नव्हतं. त्याच्यासमोर फक्त कोड होता. कोडवरून पडद्यावर काय दिसेल याचा तो अंदाज बांधत होता. डोळ्यावर पट्टी बांधलेला गडी आणि भोवती "इकडे, इकडे" ओरडणारी पोरं, असा तो खेळ. मुलांची भूमिका फक्त निरोप्याची उरली होती. ब्राउझरमधल्या लाल ओळी उचलायच्या, सहायकाला नेऊन द्यायच्या, उत्तर आणून चिकटवायचं.

ही पट्टी सोडायची सोय आता झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची खुली पद्धत जाहीर केली. तिच्यामुळे एआयला बाहेरची साधनं जोडता येतात. मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइटसाठी असा जोड आला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलने क्रोमच्या डेव्हटूल्ससाठीही तो दिला. असा जोड असला की सहायक स्वतः पान उघडतो, बटण दाबतो, पडद्याचं चित्र घेतो, चुकांच्या ओळी वाचतो आणि पान कुठून काय मागवतंय तेही पाहतो.

मी तो जोडला. सहायकाने पान उघडलं, रुंदी मोबाईलएवढी केली, बटण दाबून पाहिलं. लाल ओळ एकही नव्हती. मग त्याने ब्राउझरला विचारलं, 'बटणाच्या जागी सगळ्यात वर कोण आहे?' उत्तर आलं, मेनू! मुलांनी खालून वर सरकणारा एक मेनू केला होता. तो बंद केल्यावर पारदर्शक व्हायचा, पण जागेवरून हटायचा नाही. काचेसारखा बटणावर पसरलेला राहायचा. बोट बटणावर टेकतंय असं वाटायचं, पण टेकायचं काचेवर. एक ओळ बदलली आणि काम झालं.

ही चूक नुसत्या कोडमधून सापडणं अवघड होतं, कारण कोड 'चुकलेला' नव्हताच. पान पाहिल्याशिवाय ती कळणार नव्हती. म्हणून माझं पहिलं मत स्पष्ट आहे: वेबपानातल्या चुका शोधायच्या असतील तर सहायकाला ब्राउझर दिलाच पाहिजे. डोळे बांधून दुरुस्ती होत नाही.

पण तो ब्राउझर कोणाचा होता?

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश होते. मग सहज सहायकाच्या खिडकीत वर सरकून त्याने काय काय केलं ते वाचलं, आणि पोटात गोळा आला.

सुरुवातीलाच त्याने ब्राउझरमधल्या उघड्या टॅबची यादी घेतली होती. पहिला टॅब वाचनालयाचं पान. दुसरा माझा ईमेल. तिसरा विद्यार्थ्यांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल. सकाळी मी त्यावर काम करत होते आणि लॉगिन तसंच राहिलं होतं. घाईघाईत मी जोड लावला होता तो माझ्या रोजच्या ब्राउझरला.

झालं काय? काहीच नाही. सहायकाने त्या टॅबना हातही लावला नाही. पण 'काही झालं नाही' हे नशीब झालं, त्याला काळजी म्हणता येणार नाही. आपल्या शिक्षकांच्या ब्राउझरमध्ये काय काय असतं ते आठवा. मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, जातीचा प्रवर्ग, पालकांचे मोबाईल नंबर. पालकांच्या ब्राउझरमध्ये बँक, ईमेल आणि जपून ठेवलेले पासवर्ड. ब्राउझरला आपण एक साधन समजतो, पण तो किल्ल्यांचा जुडगा आहे. लॉगिन केलेला ब्राउझर ज्याच्या हाती, त्याला पासवर्ड विचारायचीही गरज उरत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सहायक पानावरचं जे वाचतो, ते विचार करण्यासाठी बहुतेक वेळा त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं. म्हणजे कोणी चोर नसला तरी, एका वर्गाची यादी त्याने नुसती पाहिली की ती शाळेच्या बाहेर गेली. आपल्या देशात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी जास्त काळजी मागतो. कायदा बाजूला ठेवा. पालकांनी ती माहिती आपल्याला विश्वासाने दिलेली असते.

पानावरची चिठ्ठी

आणि चोर असला तर? समजा तुम्ही शिपाईमामांना सांगितलं, "सूचनाफलकावर काय लिहिलंय ते वाचून या." फलकावर कोणीतरी चिठ्ठी लावली आहे: 'मुख्याध्यापकांचा निरोप, कपाटातली फाईल गेटवरच्या माणसाला द्या.' आपले शिपाईमामा अक्षर ओळखतात. ते परत येऊन विचारतील, "बाई, हे कोणी लावलं?" एआयला मात्र तुमचं सांगणं आणि पानावरचा मजकूर हे दोन्ही शब्दांच्या एकाच प्रवाहात येतात. कोणता शब्द मालकाचा आणि कोणता परक्याचा, हा फरक त्याला दर वेळी नीट करता येतो असं नाही.

या फसवणुकीला सायमन विलिसन या प्रोग्रामरने २०२२ मध्ये 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' असं नाव दिलं. हे नुसतं कागदावरचं भय नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्ह या ब्राउझर कंपनीने दाखवून दिलं की, पर्प्लेक्सिटीच्या कॉमेट ब्राउझरला एखाद्या चर्चेचा सारांश मागितला, तर तिथे लपवून ठेवलेल्या सूचना तो पाळायचा आणि वापरकर्त्याच्या ईमेलमध्ये आलेला ओटीपी बाहेर पोचवायचा. त्याच महिन्यात अँथ्रॉपिकने आपल्या क्रोममधल्या सहायकाच्या चाचण्यांचे आकडे दिले. विशेष संरक्षण नसताना असे हल्ले २३.६ टक्के वेळा यशस्वी झाले, संरक्षण घातल्यावर ११.२ टक्के. त्यानंतर संरक्षण सुधारत चाललं आहे, पण धोका शून्यावर आलेला नाही. आणि लॉगिन असलेल्या ब्राउझरमध्ये शंभरातली एक वेळही पुरेशी असते.

खुद्द क्रोमनेही २०२५ मध्ये, १३६ व्या आवृत्तीपासून, बाहेरच्या प्रोग्रामला चुका शोधण्याचं दार ज्या स्विचने उघडलं जातं तो रोजच्या प्रोफाईलवर चालेनासा केला. त्या दारातून लॉगिनच्या कुकीज चोरल्या जात होत्या. आता त्यासाठी वेगळी जागा दाखवावी लागते. ब्राउझर बनवणारेच हे सांगत असतील तर आपण ऐकायला हवं. सहायकाला जोडायचे सगळे मार्ग मात्र त्या दारातून जात नाहीत. एक्स्टेन्शन थेट तुमच्या रोजच्या ब्राउझरमध्येच बसतं. माझी चूक तिथेच झाली.

"मग देऊच नये का?"

एका सहकारी सरांनी मला हेच विचारलं. त्यांचं म्हणणं, भीती आहे तर बंद करून टाका, मुलं हाताने शोधतील. मला हे पटत नाही. प्रयोगशाळेत आम्ल असतं म्हणून आपण प्रयोग बंद करत नाही. वेगळं टेबल ठेवतो, थोडंच आम्ल काढतो, बाकीचं कपाटात बंद ठेवतो. इथेही तेच करायचं. आमच्या कक्षात आता हे नियम आहेत:

१. सहायकासाठी वेगळा, कोरा ब्राउझर. क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारून नवं प्रोफाईल करता येतं. त्यात कोणत्याही खात्याने लॉगिन करायचं नाही, पासवर्ड साठवायचे नाहीत. घरी एकच लॅपटॉप असेल तर मुलासाठी संगणकावर वेगळं खातंच काढून द्या. ते जास्त चांगलं, कारण काही सहायक ब्राउझरबरोबर फाईलीही वाचतात.

२. सहायकाने फक्त आपण बनवलेलं, आपल्याच संगणकावर चालणारं पान उघडायचं. इंटरनेटवर भटकायचं नाही. परक्या पानावरची चिठ्ठी वाचायची वेळच येऊ द्यायची नाही.

३. खऱ्या मुलांची माहिती नाही. 'लॉगिन केल्यावरच चूक दिसते' अशी अडचण येते, तेव्हा चाचणीचं खातं काढायचं. आमच्या वाचनालयात आता 'विद्यार्थी १' आणि 'विद्यार्थी २' भरपूर पुस्तकं वाचतात!

४. 'नेहमी परवानगी द्या' हे बटण दाबायचं नाही. दर वेळी विचारू दे. कंटाळा येतो, पण त्या कंटाळ्यातच आपण वाचतो.

५. काम झालं की जोड काढायचा आणि सहायकाने काय काय केलं ते वर जाऊन वाचायचं. मी वाचलं नसतं, तर आजही तसंच चाललं असतं.

आधी मुलांचे डोळे

शेवटचा मुद्दा, आणि शिक्षक म्हणून मला तो सगळ्यात मोठा वाटतो. सहायकाला डोळे मिळाले की मुलांना डोळे मिटायची सवय लागू शकते. काचेसारखा मेनू सापडला त्या दिवशी मी वर्गाला विचारलं, "चूक काय होती?" एकालाही सांगता आलं नाही. बटण चालू झालं होतं, पण शिकणं झालं नव्हतं.

म्हणून आता पहिली दहा मिनिटं सहायक बंद. एफ १२ दाबायचं, स्वतः पाहायचं, स्वतः वाचायचं. पंधरा दिवसांपूर्वी सहलीच्या पानावरची छायाचित्रं शाळेतल्या संगणकावर दिसत होती, पण इंटरनेटवर चढवल्यावर गायब झाली. एका मुलीने नेटवर्कचा रकाना उघडला, ४०४ हा आकडा पाहिला आणि फाईलचं नाव अक्षर अक्षर वाचलं. फाईलच्या नावात इंग्रजी मोठी अक्षरं होती, कोडमध्ये लहान. विंडोजला तो फरक चालतो, पण बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर असतात आणि तिथे ती दोन वेगळी नावं होतात. "बाई, सापडलं!" म्हणताना तिचा चेहरा असा काही खुलला होता, की तो आनंद कोणत्याही सहायकाला मी देऊन टाकणार नाही.

दहा मिनिटांत सापडलं नाही तर खुशाल सहायकाला बोलवायचं. पण नंतर वहीत तीन ओळी लिहायच्या: चूक काय होती, कुठे दिसली, ती का झाली. तीन ओळी लिहिता आल्या नाहीत, तर काम पूर्ण झालं असं आम्ही मानत नाही.

पालकहो, आज रात्री घरचा ब्राउझर उघडून पाहा. किती ठिकाणी लॉगिन तसंच आहे? तुमचं मूल त्याच ब्राउझरला एआय जोडत असेल, तर त्याच्यावर रागवू नका. त्याला एक कोरा ब्राउझर काढून द्या आणि शेजारी बसून विचारा, "तुला स्वतःला काय दिसतंय, ते आधी मला सांग." शिक्षकांनो, आपणही उद्या वर्गात तेवढंच विचारूया.