शेताच्या फाटकाची खरी किंमत खांबात

यवतमाळहून आर्णीवरून महागावकडे जाणाऱ्या हमरस्त्याने प्रवास करताना शेतांच्या तोंडाशी बसविलेली लोखंडी फाटके दृष्टीस पडतात. बोरी-बाभळीच्या काट्यांचा झापा ओढून वाट बंद करण्याची जुनी रीत मागे पडत चालली, ह्यात वाईट काही नाही. ज्याचा गोठा, विहिरीवरील पंप किंवा संत्र्याची बाग शेतात आहे, त्यास फाटक हवेच. परंतु कित्येक फाटकांची झडप दोन पावसाळ्यांतच जमिनीस टेकते, कडी कोयंड्यास लागेनाशी होते आणि अखेर धनी ती दोरीने बांधून ठेवतो. ह्याचा दोष बहुधा लोहाराकडे नसतो. आमचे स्पष्ट मत असे की, आपण झडपेवर पैसा खर्चितो व खांबावर वाचवितो. आणि फाटक कोठे बसवावे हा विचार सर्वांच्या शेवटी करितो. हा क्रम उलटा झाला पाहिजे.

प्रथम जागा. फाटक रस्त्याच्या अगदी कडेस बसविल्यास, ते उघडेपर्यंत ट्रॅक्टरमागील ट्रॉली रस्त्यावरच उभी राहते. रात्रीच्या वेळी हा प्रकार जिवावर बेतणारा आहे. ह्यासाठी फाटक सुमारे ३० फूट आत, आपल्याच जमिनीत घ्यावे व झडप आतल्या बाजूस उघडेल अशी ठेवावी. राष्ट्रीय महामार्गास शेताची वाट जोडावयाची झाल्यास महामार्ग खात्याची परवानगी लागते, हेही ध्यानात असावे. कडेच्या नालीवर पाईप टाकल्याशिवाय वाट भरू नये. नाहीतर तुंबलेले पाणी खांबाच्या बुडाशीच मुरते.

जागेबरोबरच हक्काचाही विचार येतो. ज्या वाटेने मागील शेतकऱ्याची वहिवाट आहे, तीवर कुलूप लावण्याचा अधिकार कोणासही नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ अन्वये असा अडथळा दूर करविण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. पण गोष्ट तेथवर जाऊच का द्यावी? पेरणीच्या ऐन दिवसांत शेजाऱ्याची बैलजोडी बाहेर खोळंबली, तर फाटकाने राखलेल्या मालाहून वैराचा खर्च अधिक होतो. पांदण सोडून फाटक आत घ्यावे हेच शहाणपण.

आता रुंदी. बैलगाडीस ८ फूट पुरे होत. ट्रॉलीस १२ फूट असावेत. सोयाबीन काढणीचे मोठे यंत्र शेतात यावयाचे असल्यास त्याच्या कापणीच्या पात्याची रुंदीच १४ फुटांपर्यंत असते, म्हणून वाट १६ फूट ठेवावी. मात्र एवढ्या रुंदीस एकच झडप करू नये. झडपेची लांबी दुप्पट केली की वजन दुप्पट होते, आणि तो भार खांबापासून दुप्पट अंतरावरही जातो. म्हणजे खांबावरील ओढ चौपट होते. १६ फुटांच्या एका झडपेऐवजी ८ फुटांच्या दोन केल्या, तर प्रत्येक खांबावर एक चतुर्थांशच ओढ येते. लाकडी झडपेतील तिरपा दांडा खालच्या बिजागरीपासून वर मोकळ्या टोकाकडे चढता असावा. उलट लावल्यास तो भार पेलीत नाही. सागवान आपल्या शेतातील असले, तरी परवानगीवाचून तोडता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचा खांब. अरुणावतीच्या काठची आपली काळी जमीन पावसात फुगते व वैशाखात भेगाळते, आणि खांबास दर वर्षी हलविते. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीतील इमारतींसाठी तळाशी फुगीर असे खोल पाये सुचविले, त्यातील तत्त्व हेच की, आधार हलत्या थराच्या खाली असावा. फाटकासही तेच लागू आहे. मुरूम हाती लागत असेल तर खड्डा तेथपर्यंत न्यावा. न लागल्यास निदान ४ फूट खोल खणून तळ रुंद करावा. उकरलेली काळी माती पुन्हा खड्ड्यात भरू नये. तळाशी काँक्रीट व वर मुरूम ठोकून भरावा. दोन्ही खांब जमिनीखालून काँक्रीटच्या पट्टीने जोडले, तर हलले तरी बरोबर हलतात व कडी कोयंड्यास लागते. हे काम भेगाळलेल्या वैशाखात किंवा भर पावसाळ्यात न करता, मध्यम ओल असताना कार्तिक-मार्गशीर्षात करावे.

कोणी म्हणतील, रोही उडी मारून व रानडुक्कर खालून येतेच. मग एवढा खटाटोप कशास? उत्तर असे की, फाटक हा कुंपणाचा एक भाग आहे, कुंपणाची जागा ते घेत नाही. झडपेखालील फट चार बोटांहून अधिक नसावी व खालच्या पट्ट्या जवळजवळ असाव्यात. मात्र फाटकात वा तारेत विजेच्या लाइनीचा प्रवाह कोणी सोडू नये. तो गुन्हा तर आहेच, शिवाय पहाटे पाणी द्यावयास येणारा आपलाच माणूस त्यास प्रथम बळी पडतो.

सारांश, हाती पैसा मर्यादित असल्यास झडप साधी करावी, रंग व नक्षी पुढील सालावर टाकावी. पण खांब एकदाच आणि खोल रोवावा. झडप केव्हाही बदलता येते. कललेला खांब मात्र उपटूनच काढावा लागतो.