किल्ली कोणाच्या खिशात?

"आपल्या पोरांत दारू नाही." कर्जत-खालापुरात हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. मोटरसायकलवरून गेलेल्या तरुणाचं दफन झालं की माणसं घोळक्याने उभी राहतात, खड्ड्याला दोष देतात, डंपरला देतात. खड्डे आणि डंपर खोटे नाहीत. पण पोरगा रात्री एक वाजता कुठून येत होता आणि डोक्यावर हेल्मेट होतं का, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर मय्यतबद्दल वाईट बोलू नये, असं सांगून गप्प केलं जातं.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यातली जवळपास 75 हजार दुचाकीवरची होती आणि 50,029 जणांनी हेल्मेट घातलं नव्हतं. दारू आणि नशेच्या खात्यावर मात्र जेमतेम अडीच टक्के मृत्यू पडतात. मला हा आकडा फार कमी वाटतो. गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी 15 लाखांचं अपघात संरक्षण असतं, आणि चालक नशेत होता असं दिसलं तर ते नाकारता येतं. मग घरचे कशाला बोलतील? त्या आईचं गप्प राहणं मला समजतं. आपल्याकडे त्यावर हरामचं आणखी एक कुलूप लागतं. जी गोष्ट हराम, ती आपल्यात नाहीच असं एकदा धरलं की पिऊन निघालेल्या पोराच्या हातातून किल्ली काढून घ्यायलाही कुणी पुढे होत नाही.

इथले रस्ते पाहा. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणून सगळी मोटरसायकल जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. शिवाय चौक-कर्जत, कर्जत-नेरळ, कर्जत-मुरबाड. शनिवारी फार्महाऊस भरतात. पाहुणे पितात आणि तिथेच झोपतात. स्वयंपाक करणारा, भांडी घासणारा, बिर्याणीचं डेग पोचवणारा आपला पोरगा मध्यरात्री एकटा नेरळ-खोपोलीकडे निघतो, कधी उरलेली बाटली रिकामी करून. त्याला घरी सोडायची जबाबदारी मालकाची का नसावी? आणि जो प्यायलेला नाही, तोही त्याच अंधारात समोरून येत असतो.

कायदा स्पष्ट आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडलं तर पहिल्याच वेळी 10 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हेल्मेट नसेल तर 1,000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बंद. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे.

जुम्म्याला टोपी घालून ट्रिपल सीट जाणारे तुम्हीही पाहिले असतील, कदाचित मधले तुम्हीच असाल. कायद्यात सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शिखांना. आपली टोपी खिशात मावते, त्यामुळे सूट मागायचं कारणही नाही. बहिणीला मागे बसवत असाल तर स्कार्फ पातळ आणि घट्ट बांधला की त्यावर हेल्मेट नीट बसतं. बुरख्याचा घोळ चाकात जाऊ नये म्हणून असलेलं साडी गार्ड 'लुक' बिघडतो म्हणून काढू नका. हेल्मेट आयएसआयचंच घ्या आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याआधीच उडून जातं. आणि चांगलं हेल्मेट आहे म्हणून दोन पेग चालतात, असंही काही नाही.

आपल्या जमाती लग्नातल्या डीजेवर ठराव करतात. एखाद्या जुम्म्याच्या बयानात हेल्मेटचं नाव निघालं तर काय बिघडेल? बाबांनी आणि चाचांनी एवढं करावं: रात्री पोराचा फोन आला, "मला न्यायला या," तर आधी न्यायला जावं, ओरडायचं ते सकाळी.

मित्र पडला की कधीकधी सोबतचे पळतात, कारण सगळ्यांच्याच तोंडाला वास असतो. पळू नका. 108 ला फोन करा. पडलेल्याची मान हलवू नका, श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका. आणि वाटेने जाणारे असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 134-अ लक्षात ठेवा: मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, रुग्णालयही नाही.