‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलं, मग डेलनेट कशाला?

1 जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं. 30 प्रकाशक, सुमारे 13,000 ई-जर्नल्स आणि 3 वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. सरकारी विद्यापीठात शिकत असाल तर हे सगळं ऑनलाइन, खिशातून एक रुपयाही न देता. मग लायब्ररीने डेलनेटची वार्षिक फी कशाला भरायची?

प्रश्न रास्त आहे. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे जर्नल्सचं सरकारने भरलेलं बिल. डेलनेट म्हणजे लायब्ररींची आपसातली उसनवारी. 1988 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या या नेटवर्कमध्ये सदस्य लायब्ररींचे कॅटलॉग एकत्र शोधता येतात. तुमच्याकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्या लायब्ररीत दिसलं, की ग्रंथपाल ते मागवू शकतात. छपाई बंद झालेलं पुस्तक ई-जर्नल्सच्या यादीत कसं सापडणार?

खरी अडचण वेगळीच आहे. अशी सोय असते हे मला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, प्रोजेक्ट करताना कळलं! मुलं मागत नाहीत, वापर शून्य दिसतो आणि बजेट कापताना पहिली कात्री इथेच लागते.

माझं मत: मेंबरशिप ठेवा, पण मोजून. वर्षभर मुलांना नीट सांगा, किती पुस्तकं मागवली याची नोंद ठेवा. तरीही कुणी फिरकलं नाही, तर खुशाल बंद करा.

आणि तुम्ही? उद्या ग्रंथपालांना एवढंच विचारा, “आपल्याकडे नसलेलं पुस्तक मागवता येईल का?”