खळ्यावरचं बलुतं आणि टेक्सासमधली टिप

किल्लारी, औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यातल्या अनेक घरांतलं एखादं तरी लेकरू आता परदेशात आहे. 1993 च्या भूकंपानंतर शिक्षणासाठी पुणे-लातूर गाठलेल्या पिढीची ही मुलं. त्यांचे फोन येतात, आणि तिकडच्या रोजच्या जगण्याबद्दल बोलताना टिपचा विषय हटकून निघतो. माझा पुतण्या टेक्सासमध्ये असतो. तो म्हणतो, "काका, पन्नास डॉलरच्या जेवणावर दहा डॉलर वरून कशाला द्यायचे? त्या वेटरला पगार देणं मालकाचं काम आहे. आपल्यात असं कुठं असतंय?" काही वर्षं तिकडे राहून परतलेल्यांचं नेमकं उलट. लातूरच्या हॉटेलात ते बिलाच्या वीस टक्के ठेवतात आणि न ठेवणाऱ्याला कोत्या मनाचा ठरवतात. टिप इथेही रुजली पाहिजे, त्याशिवाय सेवा सुधारणार नाही, असं ते मनापासून सांगतात. मला दोन्ही म्हणणी अमान्य आहेत.

आधी "आपल्यात असं नसतं" हे पाहू. मराठवाड्याच्या माणसानं हे म्हणावं याचं मला आश्चर्य वाटतं. गावाचा सुतार औत भरायचा, लोहार फाळ शेवटायचा, चांभार मोट-नाडा सांधायचा, न्हावी सगळ्या घराची डोई-दाढी करायचा. वर्षभर कुणी पैसा मागायचा नाही. सुगीत रास झाली की ही माणसं खळ्यावर येऊन उभी राहायची. किती पेंढ्या आणि किती पायल्या द्यायच्या याचा रिवाज होता, पण प्रत्यक्ष माप कुणबी-पाटलाच्या हातात होतं. पीक बुडालं की बलुतंही बुडायचं, मालक नाराज असला की माप हलकं पडायचं. काम पुरं झालेलं असायचं, मोबदला मात्र देणाऱ्याच्या मनावर. त्यात जातीची उतरंड होतीच. गावाची राखण करणाऱ्या, सांगावे पोचवणाऱ्या, मेलेलं ढोर ओढणाऱ्या महाराला दारोदार भाकरी मागत फिरावं लागे, आणि त्यालाच त्याचा हक्क म्हटलं जाई.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच दुखण्यावर बोट ठेवून. बलुत्याच्या जागी ठरलेला रोख मोबदला सरकारमार्फत मिळावा, ही त्यातली मुख्य मागणी होती. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो कायदा इथं लागूही झाला नसता. खळं मात्र तिकडचं आणि इकडचं सारखंच होतं. दया पवारांनी 1978 मध्ये आलेल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिलं. देणाऱ्याच्या मर्जीवर जगणं माणसाला आतून काय करतं, हे त्या पुस्तकानंतर मराठी वाचकाला निराळं सांगायची गरज उरलेली नाही.

जुनं सोडा, आजचं घ्या. आपल्याकडे ऊस तोडणीला आला की शेतकऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात. टोळी येते, आणि तोडणीच्या दराखेरीज 'खुशाली' मागते. वाहतुकीचा ट्रॅक्टर येतो, त्याच्या ड्रायव्हरची 'एन्ट्री' निराळी. नावात खुशी असली तरी ती खुशीनं कुणी देत नाही. उभा ऊस वाळतो, वजन घटतं, पाळी पुढं जाते, म्हणून शेतकरी देतो. पुढं बांधावर शिव्या खातो तो तोडणी कामगार. बीडच्या डोंगरपट्ट्यातून बायकापोरांसह कोपीत येऊन राहिलेला, मुकादमाच्या उचलीत अडकलेला. शेतकरी त्याला लुटारू म्हणतो, तो शेतकऱ्याला बागायतदार म्हणून हिणवतो. तोडणीचा दर कमी ठेवणारा कारखाना या भांडणात कुठंच दिसत नाही. मजुरीतला खड्डा गिऱ्हाइकाच्या खिशातून भरायचा ठरला की हेच होतं, मग ते गाव किल्लारी असो की ह्यूस्टन.

तेव्हा माझ्या पुतण्याच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. पगार मालकानं द्यावा, हे तत्त्व म्हणून सोळा आणे खरं आहे. त्यावरून तो जी कृती करतो, ती मात्र चुकीची आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात किमान वेतन ताशी 7.25 डॉलर आहे, 2009 पासून तेवढंच. पण ज्या कामगाराला टिप मिळते त्याला मालकानं ताशी फक्त 2.13 डॉलर दिले तरी चालतं. हा आकडा 1991 पासून हललेला नाही. टिप धरूनही 7.25 भरले नाहीत तर फरक मालकानं द्यावा असा नियम आहे, पण तो मागण्यासाठी ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच हातात पुढच्या आठवड्याच्या पाळ्या असतात. टेक्सासमध्ये हेच 2.13 चालतात. तिथं जेवून टिप न ठेवता उठणारा माणूस मालकाचा एक पैसा कमी करत नाही. तो वाढणाऱ्या माणसाची त्या तासाची मजुरी बुडवून उठतो. व्यवस्थेला विरोध करायचा तर तो तिच्यात सर्वांत खाली उभ्या असलेल्याच्या ताटातून काढून घेऊन होत नाही.

रुपयांत हिशेब करणाऱ्यांबद्दल फार लिहायची इच्छा नाही. एवढे रुपये वेटरला का द्यायचे, असं विचारणारा स्वतःचा पगार डॉलरमध्येच मोजून घेतो.

परदेशात राहायचं तर तिथल्या मजुरीचा कायदा माहीत करून घेणं हे शेजाऱ्याचं नाव माहीत करून घेण्याइतकं प्राथमिक काम आहे. सगळीकडे एकच नियम नाही. अमेरिकेतच कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटासह सात राज्यांत टिप धरण्याआधीच पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. फ्रान्समध्ये सेवेचा आकार छापील दरातच धरलेला असतो. जर्मनीत बिल वरच्या आकड्यावर नेऊन पाच-दहा टक्के जास्त देतात, आणि ते टेबलावर न ठेवता पैसे देतानाच एकूण किती घ्यायचे ते सांगतात. केस कापणाऱ्यालाही तसंच. जपानमध्ये टिप देण्याची चालच नाही, ठेवलेले पैसे परत द्यायला माणूस मागं धावत येतो. ब्रिटनमध्ये मालकच टिपा गिळतात अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथं सगळी टिप कामगारांनाच वाटण्याचं कायदेशीर बंधन आलं. दुबईत किंवा न्यू जर्सीत हॉटेलची खोली झाडणारी बाई सहसा कुणाला आठवत नाही, कारण ती दिसत नाही. तिच्यासाठी उशीशेजारी रोज पैसे ठेवावेत, जातानाच्या दिवशी एकदम नकोत. झाडणारी रोज तीच असेल असं नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. टिपमुळे सेवा सुधारते, चांगलं काम करणाऱ्याला जास्त मिळतं, हा त्यांचा दावा. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनी टिपवर आयुष्यभर अभ्यास केला आहे. सेवेचा दर्जा आणि टिपची रक्कम यांतला संबंध फारच क्षीण आहे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या 2008 मधल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका रेस्टॉरंटमध्ये कृष्णवर्णीय वेटरांना गोऱ्यांपेक्षा कमी टिप मिळाल्याचं दिसलं, आणि कमी देणाऱ्यांत खुद्द कृष्णवर्णीय गिऱ्हाइकंही होती. हे वाचताना मला आपलं खळंच दिसलं. मोबदला मर्जीवर सोडला की मर्जीबरोबर समाजाचे सगळे पूर्वग्रह मापात उतरतात. आणि टिपनं सेवा सुधारत असती तर जपानची सेवा जगात सर्वांत वाईट असायला हवी होती.

अमेरिकेत ही चाल कशी घट्ट झाली तेही पाहावं. यादवी युद्धानंतर जॉर्ज पुलमनच्या रेल्वेडब्यांच्या कंपनीनं नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना झोपण्याच्या डब्यांत पोर्टर म्हणून नेमलं. पगार तुटपुंजा, उरलेलं प्रवाशांच्या टिपांतून. प्रवाशाच्या पुढं हसत राहणं हाच नोकरीचा भाग झाला. त्याच देशात टिपविरुद्ध कायदेही झाले. वॉशिंग्टन राज्यानं 1909 मध्ये केला, आणखी काही राज्यांनी त्याची री ओढली, पण 1926 पर्यंत ते सगळे रद्द झाले. पोर्टरांनी मात्र 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाकारानं संघटना बांधली आणि बारा वर्षं झुंजून 1937 मध्ये कंपनीकडून पगाराचा करार मिळवला.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. खुद्द वेटरांनाच टिप हवी असते. नोव्हेंबर 2024 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये टिपवाल्या कामगारांनाही पूर्ण किमान वेतन देण्याचा प्रस्ताव मतदानाला आला तेव्हा अनेक वेटर त्याच्या विरोधात उभे राहिले, आणि तो पडला. महागड्या हॉटेलात शनिवारच्या रात्री टिपांतून मिळतं ते कुठल्याही किमान वेतनाहून जास्त असतं, हे खरं आहे. पण हमरस्त्यावरच्या साध्या खाणावळीत पहाटे कॉफी ओतणाऱ्या बाईचा हिशेब त्या शनिवारच्या रात्रीवरून करता येत नाही. मोठ्या वाड्याच्या सुताराचं बलुतंही भरगच्च असायचं. म्हणून बलुतेदारी राहू द्यावी असं आपण म्हटलं नाही.

ही चाल इथं आणू नये असं मी म्हणतो त्याचं आणखी एक कारण किल्लारीचंच आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट उगवण्याआधी इथं जो भूकंप झाला त्यानंतर देशभरातून मदत आली. ती ज्या आपुलकीनं आली तिचं ऋण आम्ही विसरलो नाही. पण ट्रकापुढच्या रांगेत हात पुढं करून उभं राहणं काय असतं, हे त्या वेळी इथल्या ताठ कण्याच्या शेतकऱ्यांना कळलं. पुढं जागतिक बँकेच्या साहाय्यानं पुनर्वसन सुरू झालं, 52 गावं नव्या जागी वसली, घरं यादीप्रमाणे मिळू लागली. त्या योजनेत दोष होतेच. जमीन जास्त त्याला मोठं घर आणि भूमिहीनाला 250 चौरस फूट, ही जुनी उतरंड नव्या गावठाणातही उतरली. तरी एक फरक मोठा होता. यादीत नाव असलेली विधवासुद्धा तहसीलच्या दारात जाऊन "माझं घर कुठं आहे?" असं विचारू शकत होती. ट्रकावरून कांबळं टाकणाऱ्याला असं विचारता येत नाही.

म्हणून लातूरच्या हॉटेलात वीस टक्के ठेवणाऱ्या आमच्या परतलेल्या मुलांना माझं सांगणं आहे, की तुमचा हात मोकळा आहे तो राहू द्या, वेटरच्या किंवा सलूनमधल्या कारागिराच्या हातात पैसे जरूर द्या. पण गल्ल्यावरच्या मालकाला त्याचा पगार किती, हेही विचारा. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. तो आकार जात कुठं होता, हे फार थोड्यांनी विचारलं. घरपोच जेवण आणणाऱ्या पोराला टिप देण्याचं बटण आता प्रत्येक ॲपवर आहे. त्याला एका फेरीचे कंपनी किती देते, हे मात्र त्या पडद्यावर कुठंच नसतं. ते दाखवा, असा आग्रह धरायला हवा.

आणि टेक्सासच्या पुतण्याला मी सांगितलं आहे, की दहा डॉलर पुरते ठेवत जा, ती त्या माणसाची मजुरी आहे. उद्या तिकडचा नागरिक झालास तर 2.13 च्या त्या आकड्यावर कोण काय बोलतो ते बघून मत दे. वॉशिंग्टन डी.सी.च्या मतदारांनी नोव्हेंबर 2022 मध्ये टिपवाल्यांचं वेगळं, कमी वेतन टप्प्याटप्प्यानं संपवण्याच्या बाजूनं कौल दिलाच होता. इकडे जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, तीही संघटनांच्या रेट्यामुळे. पुढच्या करारात दर एवढा ठरावा की टोळीला बांधावर हात पसरावा लागू नये, आणि खुशाली घेतल्याची तक्रार आली तर ती रक्कम कारखान्यानं भरून द्यावी, असं कलम शेतकऱ्यांनी आणि तोडणी कामगारांनी मिळून मागावं.